हौशी मासेमारीचा बेत : पाथर्डी परिसरातील पाणी, परवानगी आणि पथ्ये

पाथर्डी तालुक्याचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो दुष्काळ. बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेला हा तालुका. दसरा-दिवाळी आटोपताच ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे, मोहटादेवीचा नवरात्रोत्सव, मढीच्या कानिफनाथांची यात्रा आणि तेथील गाढवांचा बाजार ही त्याची महाराष्ट्राला असलेली ओळख. अशा तालुक्यात कोणी हौसेने मासे धरावयास जाण्याचा बेत आखील, हे वरकरणी विपरीत वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेखाली या भागात जी कामे झाली, त्यांत पाझर तलावांचा वाटा मोठा होता. भुकेल्या हातांनी उपसलेल्या मातीचे ते बांध आज डोंगरउतारांवर वाडीवस्तीलगत उभे आहेत. पावसाळा बरा झाला की त्यांच्यामागे पाणी साठते. पाणी साठले की त्यात मत्स्यबीज सोडले जाते, आणि जेथे मासा आहे तेथे गळ घेऊन बसणारा माणूस आज ना उद्या येतोच.

हा छंद निरुपद्रवी आहे, स्वस्त आहे आणि शहरी माणसाला चार घटका स्वस्थ बसावयास लावणारा आहे. तथापि पूर्वतयारीवाचून केलेली अशी सहल पुष्कळदा पाण्याच्या काठी होणाऱ्या वादावादीत संपते. तलाव सरकारी, पाणी पावसाचे, मग मासा कोणाच्या बापाचा, असा प्रश्न हौशी माणूस विचारतो. समोरचा माणूस त्याच तलावावर पोट भरणारा असतो. दोघांपैकी चूक कोणाची, हे समजण्यासाठी पाण्यातील माशाचा जन्म कोठे होतो येथपासून आरंभ करावयास हवा.

पाणी कोणाचे, मासा कोणाचा

कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या तलावांतील प्रमुख मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, परंतु अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून एके काळी या माशांचे बीज गंगेच्या खोऱ्यातील नद्यांतून गोळा करून दूरदूरच्या तलावांत न्यावे लागे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले आणि हे परावलंबन संपले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज बीज मत्स्यबीज केंद्रांतून येते. अंड्यातून निघालेले ते 'जिरे', मग बोटाएवढी 'बोटुकली', असे त्याचे वाढीचे टप्पे आहेत. पावसाळ्यात तलाव भरू लागला की मच्छीमारांची सहकारी संस्था ही बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. पाथर्डीच्या एखाद्या पाझर तलावात हौशी माणसाच्या गळाला लागलेला रोहू हा निसर्गाने फुकट दिलेला मासा बहुधा नसतो. तो कोणीतरी पैसे मोजून पेरलेला असतो. शेतातील कणीस आणि तलावातील रोहू यांत या दृष्टीने काही अंतर नाही. कायदाही हेच मानतो. मुक्त वाहत्या नदीतील मासा जोवर पकडला जात नाही तोवर तो कोणाच्याच ताब्यात नसतो. परंतु जेथून मासा निसटू शकत नाही अशा बंदिस्त तळ्यातील मासा हा तळ्याच्या धन्याच्या ताब्यातील माल समजला जातो आणि तो संमतीवाचून नेणे ही चोरी ठरू शकते.

सार्वजनिक तलावांची मालकी एकाच खात्याची नसते. लहान पाझर तलाव व गावतळी यांचा कारभार जिल्हा परिषद वा ग्रामपंचायत यांच्याकडे, त्याहून मोठे तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठी धरणे जलसंपदा विभागाकडे अशी सर्वसाधारण वाटणी आहे. पाण्याची मालकी व मासेमारीचा हक्क या पुन्हा भिन्न बाबी होत. तलाव ठराविक मुदतीच्या ठेक्याने मासेमारीसाठी दिले जातात आणि त्यात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम असतो. ठेका घेणारी संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीज सोडते, राखण करते आणि मासा वाढल्यावर जाळी टाकते. दुष्काळी तालुक्यात हा व्यवहार जुगारासारखाच आहे. पाझर तलाव म्हणजे पाणी अडविण्यासाठी नव्हे, तर जमिनीत मुरविण्यासाठी बांधलेला तलाव. त्याने गळावे आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा यासाठीच त्याचा जन्म. पाऊस एक महिना लवकर सरला तर मासा पुरता वाढण्यापूर्वीच तलाव आटतो. सोडलेल्या बीजाची किंमतही हाती येत नाही. अशा पाण्यावर दहा हौशी मंडळींनी एका रविवारी प्रत्येकी चार किलो मासे नेले, तर एखाद्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या कमाईला हात लागतो. संस्थेचा राखणदार अनोळखी माणसावर आवाज चढवितो, त्यामागे हे गणित असते.

परवानगी मागण्याची रीत

इंग्लंडमध्ये तेरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना काढावा लागतो. विशेष म्हणजे तो खिशात असला तरी त्या विशिष्ट पाण्याच्या मालकाची अनुमती स्वतंत्रपणे घ्यावीच लागते. आपल्याकडे खरे महत्त्व आहे ते या दुसऱ्या अनुमतीला. मुंबईत पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची संघटना अनेक वर्षांपासून कार्यरत आहे, आणि तेथे सभासदत्व व परवाना यांच्या चौकटीतच गळ टाकला जातो. ग्रामीण भागात अशी तयार व्यवस्था नसते. ती इच्छुकाने स्वतःच्या पायाने चालून उभी करावयाची असते.

पहिली पायरी म्हणजे तलाव कोणाच्या अखत्यारीत आहे हे जाणून घेणे. गावच्या ग्रामपंचायतीत वा तलाठी कार्यालयात ही माहिती मिळते. दुसरी पायरी मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे याची चौकशी. तिचे उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगर येथे, सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात मिळू शकते. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. जुन्या कागदपत्रांवर व ठेक्याच्या करारांवर अहमदनगर असे आढळल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही. तलाव ठेक्याने दिलेला असल्यास संस्थेच्या अध्यक्षांची किंवा सचिवांची लेखी संमती घ्यावी. ठेका दिलेला नसल्यास 'पाणी मोकळे आहे' असा अर्थ काढू नये. अशा वेळी मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडे अर्ज करावा.

अर्ज मोठा असण्याची आवश्यकता नाही. अर्जदाराचे नाव व पत्ता, बरोबर येणाऱ्यांची संख्या, तलावाचे व गावाचे नाव, दिनांक आणि वेळ, गळांची संख्या, जाळे वापरणार नसल्याचे स्पष्ट विधान, आणि धरलेला मासा नेणार की पाण्यात परत सोडणार याचा उल्लेख एवढे पुरेसे असते. संस्थेने काही शुल्क मागितल्यास ते आनंदाने द्यावे, परंतु पावती घ्यावी. पावतीचा आग्रह हा अविश्वास नव्हे. सहकारी संस्थेच्या हिशेबात ती रक्कम दिसली तर पुढच्या हौशी माणसालाही वाट मोकळी होते. ती एखाद्याच्या खिशात गेली तर पुढच्या खेपेस त्याच तलावावर दुसरा कोणीतरी हरकत घेतो.

एक व्यावहारिक अडचण येथे नमूद केली पाहिजे. या तालुक्यात मासेमारीचा उत्तम काळ आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच वेळी येतात. दिवाळीनंतर कित्येक वाड्यांतून धडधाकट माणसे कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात. मागे राहतात ते वृद्ध आणि शाळकरी मुले. संमती देणारा माणूस त्या वेळी गावी असेलच असे नाही. म्हणून ज्यांना नोव्हेंबर-डिसेंबरात जावयाचे आहे त्यांनी दसऱ्यापूर्वीच चौकशी व पत्रव्यवहार उरकून घ्यावा. तलावावरील एखाद्या म्हाताऱ्याने मान डोलावली, ही संमती नव्हे. त्या बिचाऱ्याला पाहुण्याला नाही म्हणवत नाही, इतकेच.

खासगी शेततळ्यांचा मार्ग यापेक्षा सोपा आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून अशा तळ्यांची संख्या वाढली असून काही शेतकरी त्यांत मासेही पाळतात. येथे मालकाची संमती हाच परवाना. वजनावर पैसे देऊन मासे धरू देण्याची पद्धत शेतकऱ्यालाही परवडते, कारण बाजारात मासा नेण्याचा त्याचा खर्च वाचतो. जोडधंदा म्हणून तिचा विचार व्हावयास हरकत नाही. मात्र प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हे नवख्या माणसाला दिसते त्याहून फार धोक्याचे असते, हे पुढे येईलच.

नाथसागर आणि मुळा

लहान तलावावर समाधान न होणाऱ्यांचे लक्ष साहजिकच मोठ्या जलाशयांकडे वळते. पाथर्डीहून उत्तरेस शेवगाव. आणि शेवगाव व नेवासे तालुक्यांच्या काठाला भिडलेला गोदावरीवरील जायकवाडीचा नाथसागर. पैठणजवळच्या या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. नजर पोहोचेल तेथवर पाणी, उथळ काठ, बुडालेल्या शेतांच्या जागी वाढलेले गवत आणि त्यात चरणारे पक्षी असे त्याचे रूप आहे. उथळपणामुळेच तेथे हिवाळ्यात पट्टेरी डोक्याचे हंस, नाना जातींची बदके आणि रोहित पक्षी उतरतात.

नेमके याच कारणाने हौशी गळकऱ्याने नाथसागराचा बेत करू नये. १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी अनुमती लागते आणि ती वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठराविक कारणांसाठी मिळते. मासे धरण्याची हौस त्या कारणांत नाही. काठावरच्या गावांतील मच्छीमार तेथे जाळी टाकताना दिसतात. त्यांचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांच्या आणि विस्थापितांच्या उपजीविकेचा आहे. 'ते टाकतात मग मी का नको' हा युक्तिवाद वनरक्षकापुढे टिकत नाही, आणि टिकूही नये. ज्याला नाथसागर पाहावयाचाच आहे त्याने गळ घरी ठेवून दुर्बीण न्यावी.

दुसरा मोठा जलाशय राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथील मुळा धरणाचा. सव्वीस हजार दशलक्ष घनफूट साठ्याचा हा ज्ञानेश्वरसागर अहिल्यानगर शहराची तहान भागवितो आणि त्याचा उजवा कालवा नेवासे, शेवगाव करीत पाथर्डीच्या शिवारापर्यंत पाणी पोहोचवितो. येथे अभयारण्याचा प्रश्न नाही, परंतु अन्य तीन बंधने आहेत. पहिले म्हणजे मासेमारीचा हक्क; तो कोणाकडे आहे ते वर सांगितलेल्या रीतीने विचारून घ्यावे. दुसरे, धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि विमोचक यांचा परिसर प्रतिबंधित असतो. तेथे गळ टाकणे तर दूरच, विनापरवाना फिरणे व छायाचित्रे घेणेही टाळावे. तिसरे बंधन पुष्कळांना ठाऊक नसते. जलाशयाच्या एका बाजूचे माळरान के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबार सराव क्षेत्राला लागून आहे. सरावाच्या दिवसांची सूचना प्रशासनामार्फत गावोगाव दिली जाते. ती विचारल्यावाचून त्या बाजूच्या काठाने पुढे जाणे हे धाडस नव्हे, तो निव्वळ अविचार होय.

मुळेच्या नदीपात्राबद्दलही सावधगिरी हवी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातील समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वानुसार, जायकवाडीत पाणी कमी असलेल्या वर्षी वरच्या धरणांतून पावसाळ्यानंतर पाणी सोडले जाते. सकाळी कोरडे असलेले पात्र दुपारी भरून वाहू शकते. कालव्यांचीही तीच गत. आवर्तन सुटले की कालवा काठोकाठ भरून वेगाने धावतो आणि त्याच्या तिरप्या, शेवाळलेल्या बाजूंवर पाय ठरत नाही. आवर्तन थांबल्यावर मात्र कालव्याच्या तळच्या डबक्यांत मासे अडकतात आणि गावची पोरे ते हातांनी धरतात. हा त्यांचा वार्षिक सणच असतो. त्यात बाहेरच्या गळकऱ्याने वाटेकरी होऊ नये.

केव्हा जावे, कसे जावे

जून ते ऑगस्ट हा बहुतेक माशांचा विणीचा काळ. या काळात गळ गुंडाळून ठेवावा, हे कायद्याआधी शहाणपणाला धरून आहे. पाथर्डी परिसरात पावसाचा जोर बहुधा परतीच्या दिशेने, सप्टेंबरात असतो. कधी तो अकस्मात व अतोनात येतो; २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने पाथर्डी व शेवगाव तालुक्यांतील नद्यांना पूर येऊन गुरेढोरे वाहून गेली होती. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून, गढूळ पाणी निवळल्यावर, जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीनंतर पाझर तलाव ओसरू लागतात. त्या वेळी मासे थोड्या पाण्यात दाटतात आणि गळाला भराभर लागतात, पण तोच संस्थेच्या अंतिम पकडीचा हंगाम असतो. त्या दिवसांत संमती मागणेच अप्रशस्त.

पाथर्डी हे कल्याण–निर्मळ या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६१ वर आहे. अहिल्यानगरहून करंजी व तिसगावमार्गे सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ता. वाटेत करंजीचा घाट. रेल्वेने येणाऱ्यांनी अहिल्यानगर स्थानकावर उतरून एस. टी. धरावी. शेवगाव पाथर्डीहून पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे. नवरात्रात मोहटादेवीकडे आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीकडे भाविकांची रीघ लागते. त्या दिवसांत गाड्यांत जागा मिळणे आणि मुक्कामाची सोय होणे दोन्ही कठीण. तालुक्याच्या गावापासून तलावापर्यंतची अखेरची वाट बहुधा शेतांतून जाते. ज्वारी उभी असताना मोटारसायकल बांधावरून रेटू नये. वाट वनखात्याच्या जमिनीतून असल्यास वनरक्षकाला कल्पना द्यावी.

सूर्यास्तापूर्वी परत फिरावे, हा नियम येथे कटाक्षाने पाळावा. डोंगराच्या पायथ्याशी बिबट्याचा वावर आहे. २०२० च्या ऑक्टोबरात या तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले आणि संध्याकाळनंतर दारे उघडी ठेवण्यास लोक धजत नव्हते. मुलांना बरोबर नेले असल्यास त्यांना काठावर एकटे बसवून मोठ्यांनी दूर जाऊ नये.

पाण्यातील परिचित

तलावातील माशांची ओळख असल्यावाचून गळाची गंमत अर्धीच राहते. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव टिपतो, रोहू मधल्या थरात वावरतो, मृगळ तळाशी चरतो. तीन भावांनी एकाच वाड्यात मजले वाटून घ्यावेत तशी ही वाटणी असून, एकत्र मत्स्यसंवर्धनाचे शास्त्र तिच्यावरच उभे आहे. रोहूला कणकेचा वा भाजलेल्या पेंडीचा गोळा मानवतो. सायप्रिनस हा परदेशी मासा मात्र साचलेल्या पाण्यातही वितो. मरळ हा शिकारी. तो बेडकावर व लहान माशावर झडप घालतो आणि हवेतील प्राणवायू घेऊ शकत असल्याने चिखलातही तग धरतो. त्याच्याविषयी एक गोष्ट प्रत्येक गळकऱ्याने जाणावी. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस रंगाच्या चिमुकल्या पिलांचा घोळका वळवळताना दिसला की खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. त्या ठिकाणी आमिष टाकल्यास राखण करणारा मरळ चवताळून गळावर येतो आणि सहज सापडतो. ती शिकार करू नये. आईबाप गेले की सारा घोळका इतर माशांच्या तोंडी पडतो.

चिलापी हा १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेतील मासा. मादी अंडी व पिले तोंडात धरून वाढविते, त्यामुळे त्याची संख्या बेसुमार वाढते आणि मोलाच्या माशांना अन्न अपुरे पडते. हौशी माणसाने चिलापी हवी तेवढी धरावी. संस्थेलाही त्याचे दुःख नसते. वर्षाच्या आत सोडलेला, हाताच्या वितीएवढा रोहू मात्र गळाला लागला तरी परत पाण्यात सोडावा. संमती मागताना हा वाटा आधीच बोलून ठेवला, तर होकार मिळणे सोपे जाते.

दख्खनच्या माशांच्या शास्त्रीय नावांत मराठी शब्द दडलेले आहेत, हे फारसे कोणास ठाऊक नसते. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास या प्रदेशातील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, आणि नावे देताना स्थानिक लोकांच्या तोंडचे शब्दच लॅटिन साच्यात बसविले. शिंगाळ्याचे 'सींघाला', मल्याचे 'मुल्या', त्याचप्रमाणे 'कोलस', 'फुलुंगी', आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या महसीराचे 'खुद्री'. हीच नावे आज जगभरच्या ग्रंथांत आहेत. भोई-कोळ्यांनी सांगितलेले शब्द विज्ञानाने दीडशेहून अधिक वर्षे जतन केले.

छंद म्हणून मासे धरण्याची परंपराही दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन आहे. त्यात 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, काठी, दोरी आणि गळ यांचा तपशील येतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाला अर्थातच कोणाची संमती मागावी लागत नव्हती.

साधने आणि सावधगिरी

साधनांवर फार खर्च करण्याची गरज नाही. लवचिक बांबू, पुरेसा तंगूस, निरनिराळ्या आकारांचे गळ, शिशाचे तुकडे आणि बुचाचा तरंगा एवढ्यावर पाझर तलावातील मासा लागतो. रीळ असलेली काठी मोठ्या पाण्यावर उपयोगी. मासा परत सोडावयाचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो जखम न करता निघतो. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, नाही तर त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो आणि वरवर सुखरूप सोडलेला मासा पुढे बुरशीने मरतो.

एका तलावातील जिवंत मासे आमिष म्हणून दुसऱ्या तलावात नेऊ नयेत. आफ्रिकी मांगूर या खादाड माशाच्या संवर्धनावर २००० पासून देशात बंदी आहे, तरी तो ठिकठिकाणच्या पाण्यात आढळतो, आणि असा प्रसार बादलीभर पाण्यातूनही होतो. स्फोटके उडवून वा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच शिक्षापात्र ठरविले असून ती बंदी आजही कायम आहे. तसा प्रकार कोठे दिसल्यास संस्थेला व पोलिसांना त्वरित कळवावे. ज्या पाण्यात विष पडले त्या पाण्यावर गुरेही येतात आणि माणसेही.

आता जीवाच्या धोक्याविषयी. पाझर तलावाच्या काठी मुरूम वा माती उपसल्याने खड्डे पडलेले असतात. पाणी भरल्यावर ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जातो. गळ अडकला तर तंगूस तोडून टाकावा, तो सोडविण्यास पाण्यात उतरू नये. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर ओल्या पायाने एकदा घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही, कारण धरण्यास काही नसते आणि उतार पायाला थारा देत नाही. त्याला वाचविण्यास उडी घेणारा दुसराही तसाच अडकतो. यास्तव शेततळ्यावर जाण्यापूर्वी, काठावरील खुंटाला बांधलेला आणि पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठी मारलेला दोर आहे की नाही हे पाहावे. नसल्यास आपल्याजवळचा दोर बांधावा. तोवर गळ पिशवीतून काढू नये. एकट्याने जाऊ नये. बरोबर हवा भरलेली मोटारीची जुनी ट्यूब ठेवली तर ती स्वस्तात प्राण वाचविणारी वस्तू ठरते.

गळाला कधी कधी कासव लागते. आपल्या तलावांतील मऊ पाठीचे, पाय झाकून घेणारे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते धरून नेणे हा गंभीर अपराध आहे. अशा वेळी कासवाला दोरीने ओढून उचलू नये. त्याला पाठीच्या कडांनी धरून काठावर आणावे आणि गळ वरच्यावर अडकला असल्यास पक्कडीने त्याचा काटा कापून काढावा. गळ घशात खोल गेला असल्यास ओढाताण न करता तंगूस तोंडापाशी राखून कापावा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तुटलेला तंगूस, मग तो कासवाच्या तोंडचा असो वा झुडपात गुंतलेला, तेथेच टाकू नये. पाणकावळे व बगळे त्यात अडकून मरतात, आणि उन्हाळ्यात तलाव आटल्यावर काठाचे गवत खाणाऱ्या शेळ्यांच्या पोटातही तो जातो. गुंडाळून पिशवीत घालून परत आणण्यास तो काडीपेटीएवढीही जागा घेत नाही.